विश्लेषण : उपनगरात वन बीएचके भाड्याने घेताना डिपॉझिटची हमी कोणाची?

डोंबिवली, बदलापूर किंवा नालासोपाऱ्यात वन बीएचके घर भाड्याने घेताना बहुतेक कुटुंबांची घासाघीस भाड्यावर होते. महिन्याला पाचशे रुपये कमी झाले की व्यवहार फायद्याचा झाला असे वाटते. मात्र सर्वात मोठी रक्कम अडकते ती डिपॉझिटमध्ये, आणि वादही तिथेच होतात. मुदत संपल्यावर घराचा ताबा मिळवण्यासाठी कायद्याने मालकाला स्वतंत्र आणि तुलनेने जलद मार्ग दिला आहे. डिपॉझिट परत मिळवण्यासाठी भाडेकरूला मात्र नेहमीच्या दिवाणी मार्गानेच जावे लागते. म्हणून पैसे देण्यापूर्वीचे कागद महत्त्वाचे ठरतात. ते कोणते आणि का, याविषयी…

मध्यमवर्ग उपनगराकडे का वळतो?

मुंबईत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली आणि त्यानंतर महानगर रुळांच्या कडेने वाढत गेले. आज मध्य रेल्वेवर कल्याण, अंबरनाथ, बदलापूर आणि पश्चिम रेल्वेवर वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात नोकरदारांना परवडणारी घरे मिळतात. मुंबईत वन रूम किचनसाठी जेवढे भाडे द्यावे लागते, तेवढ्यात येथे वन बीएचके मिळू शकते. बदल्यात रोजचे काही तास प्रवासात जातात. स्थानकापासून शेअर रिक्षा किती वेळात मिळते, स्थानकात जलद लोकल थांबते का, रात्री उशिरा घरी पोहोचण्याची सोय काय, हे सगळे भाड्याचाच भाग समजून हिशेबात धरावे लागते. स्थानकापासून दूरचे घर दोन हजारांनी स्वस्त असले, तरी दोघांच्या रोजच्या रिक्षाभाड्यात ती बचत संपते.

पहिल्या दिवशी हातात किती पैसे लागतात?

उदाहरण म्हणून १२ हजार रुपये भाडे आणि ५० हजार रुपये डिपॉझिट धरू. पहिल्या महिन्याचे भाडे १२ हजार, डिपॉझिट ५० हजार आणि एजंटची दलाली म्हणून रूढ असलेले एक महिन्याचे भाडे १२ हजार, असे ७४ हजार रुपये घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच लागतात. त्यात कराराची नोंदणी, टेम्पो, हमाली आणि किरकोळ दुरुस्ती मिळवावी लागते. यातील दलाली आणि भाडे हा खर्च आहे. डिपॉझिट ही मात्र भाडेकरूची स्वतःची, मालकाकडे ठेवलेली रक्कम आहे. ती परत कधी द्यायची, त्यातून काय कापायचे आणि काय नाही, हे आधी ठरले नाही तर ती हातात येईपर्यंत नव्या घराच्या डिपॉझिटसाठी उसनवारी करावी लागते.

डिपॉझिट किती असावे, याची कमाल मर्यादा महाराष्ट्रातील अशा करारांना नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवली आहे. मात्र तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो. त्यामुळे डिपॉझिटचा आकडा घासाघिशीवरच ठरतो.

‘भाडेकरार’ म्हणजे नेमके काय?

बोलताना भाडेकरार म्हटले जाते, पण महाराष्ट्रात बहुतेक घरे ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात. भाडेपट्ट्यात घरावर काही काळासाठी हक्क निर्माण होतो. परवान्यात, म्हणजे लायसन्समध्ये, केवळ ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी मिळते. मुदत संपली की परवानगीही संपते.

ही पद्धत रुजण्यामागे मालकांची जुनी धास्ती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. एकदा दिलेले घर परत मिळणार नाही, या भीतीने त्यानंतर अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आणून मालकांना दिलासा देण्यात आला. मुदत संपूनही परवानाधारकाने घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो. शिवाय, मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे १२ हजार भाड्याच्या घरात मुदत संपल्यावर दोन महिने राहिल्यास ४८ हजारांचा बोजा पडू शकतो. ‘डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही’ असा पवित्रा घेणाऱ्या भाडेकरूने हे लक्षात घ्यायला हवे.

करार ११ महिन्यांचाच का? नोंदणी लागते का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांचा प्रघात पडला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत ११ महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल आणि अटींबाबत वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. ‘नोटरी करून देतो, खर्च वाचेल’ हे एजंटचे वाक्य ऐकू आले, की किती खर्च वाचतो ते तपासावे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे १ लाख ३२ हजार रुपये, डिपॉझिटवरील व्याज सुमारे ४,५८३ रुपये आणि शुल्क सुमारे ३४१ रुपये होते. आकारणी पूर्णांकात होत असल्याने ते किंचित वाढते. नोंदणी फी शहरी भागात एक हजार रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. म्हणजे ५० हजारांच्या डिपॉझिटला कायदेशीर आधार मिळवण्याचा सरकारी खर्च दीड हजारांच्या आसपास आहे. एजंट वा सेवा देणारे यापेक्षा जास्त घेतात, तो त्यांचा मोबदला असतो.

ही नोंदणी आता ऑनलाइन होते. दोन्ही बाजूंची आधारवरून ओळख पटवली जाते. नोंदणी झाल्यावर दस्त क्रमांक आणि सूची क्रमांक दोन मिळतो. पैसे देऊनही हा क्रमांक मिळाला नसेल, तर नोंदणी झालेली नाही असेच समजावे.

करारात लिहिलेलेच अंतिम, म्हणजे काय?

कलम २४ नुसार लेखी लीव्ह अँड लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. याचा अर्थ, तोंडी आश्वासनांना फारशी किंमत उरत नाही. ‘५० हजारांतील ३० हजार करारात दाखवू, २० हजार रोख द्या’ अशी मागणी अनेकदा होते. ती मान्य केली तर कागदावर डिपॉझिट ३० हजारच राहते. उरलेले २० हजार मालकाच्या सचोटीवर अवलंबून असतात. म्हणून डिपॉझिटची पूर्ण रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने, मालकाच्याच खात्यात द्यावी. धनादेश क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्यावा. एजंटच्या खात्यात डिपॉझिट भरू नये.

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात.

- डिपॉझिट किल्ल्या परत देताच मिळेल की काही दिवसांनी. किती दिवसांनी, तो आकडा.
- रंगकामाचे पैसे कापणार का? ‘नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून’ असे शब्द असावेत.
- लॉक-इन कालावधी किती? तो दोघांनाही लागू आहे की फक्त भाडेकरूला?
- घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची?
- सोसायटीचे मासिक शुल्क, मालमत्ता कर आणि पाण्याचे टँकर यांचा खर्च कोणाचा?
- नूतनीकरणावेळी भाडे किती टक्क्यांनी वाढेल? पागडीच्या जुन्या भाडेकरूंना लागू असलेली वार्षिक चार टक्क्यांची वाढ येथे लागू नाही.

‘हेवी डिपॉझिट’मध्ये धोका कोणता?

उपनगरांत ‘भाडे शून्य, डिपॉझिट पाच लाख’ असेही व्यवहार होतात. मालकाला बिनव्याजी मोठी रक्कम मिळते आणि भाडेकरूचे दरमहा भाडे वाचते. गावची जमीन विकून किंवा दागिने मोडून काही कुटुंबे ही रक्कम उभी करतात. धोका असा, की मुदत संपेल तेव्हा मालकाकडे परत द्यायला पाच लाख असतीलच याची खात्री नसते. बऱ्याचदा पुढचा भाडेकरू आणेल त्या पैशांतून आधीच्याचे पैसे दिले जातात. नवा भाडेकरू मिळाला नाही, की जुन्याचे पैसे अडकतात.

दुसरा धोका कर्जाचा. घरावर गृहकर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊ शकते. भाडेकरूचे डिपॉझिट परत देणे बँकेवर बंधनकारक नसते. तिसरा धोका तोतया मालकाचा. मालक परगावी असल्याचा फायदा घेऊन त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्याकडे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आहे का, हे पाहणे आवश्यक असते. हेवी डिपॉझिटच्या करारालाही नोंदणी लागते. पाच लाखांवर ११ महिन्यांचे काल्पनिक व्याज सुमारे ४५,८३३ रुपये होते. त्यावरील मुद्रांक शुल्क सव्वाशेच्याही आत राहते. तेवढ्या बचतीसाठी पाच लाख नोंदणीविना देणे परवडणारे नाही.

घर मालकाचेच आहे, हे कसे तपासायचे?

मालकाच्या खरेदीखताचा सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल या चार कागदांवरचे नाव मालकाच्या आधार कार्डाशी जुळले पाहिजे. सूची क्रमांक दोन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार भागात वीज महावितरणची आहे. बिलावरील १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला, की थकबाकी दिसते. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन ‘या घराचे सदस्य कोण?’ एवढे विचारले, तरी अनेक शंका मिटतात.

इमारत अधिकृत नसेल तर?

उपनगरांत हा प्रश्न केवळ घर विकत घेणाऱ्यांचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून या इमारतींची महारेराकडे नोंदणी करण्यात आली होती. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. अशा इमारतीवर कारवाई झाली, की भाडेकरूला काही दिवसांच्या नोटिशीत बाहेर पडावे लागते. डिपॉझिट मागायचे तर मालक स्वतःच बेघर झालेला असतो.

त्यामुळे भाड्याने घेतानाही भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागण्यात गैर काही नाही. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात, ती पाहावी. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणी कधी झाली हे सोसायटीला विचारावे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी अपेक्षित आहे.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

घर भाड्याने दिल्यास सोसायटी सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सेवा शुल्क दरमहा दोन हजार असेल, तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांपुढे जाणार नाही. हे शुल्क सदस्यावर, म्हणजे मालकावर आकारले जाते. करारात वेगळे लिहिले नसेल, तर भाडेकरूने ते देण्याचे कारण नाही. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवून कराराची प्रत द्यावी लागते. ‘ना हरकत’ मिळण्यासाठी देणगी मागणे त्यात बसत नाही.

पोलिसांना माहिती कळवण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. ती जबाबदारी मालकाची असते आणि माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. भाडेकरूने पोचपावतीची प्रत स्वतःकडे ठेवावी. राहत्या पत्त्याचा तो एक पुरावा ठरतो.

घर पाहताना काय तपासायचे?

एजंट सांगतो ते क्षेत्रफळ बहुतेक वेळा बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप असते. राहायला मिळते ते चटई क्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. वन बीएचकेत डबल बेड, कपाट आणि वॉशिंग मशीन कुठे बसेल, हे टेप लावून मोजलेले बरे.

पाण्याचा प्रश्न रविवारच्या भेटीत कळत नाही. नळाला पाणी किती वाजता येते, आठवड्यातील कोणत्या दिवशी बंद असते, टँकरचे पैसे वेगळे घेतले जातात का, हे शेजाऱ्यांना विचारावे. उल्हास नदीकाठच्या भागात तळमजल्याचे घर घेताना २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ही चौकशी करावी. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ती याच पट्ट्यात. छताला आणि न्हाणीघरालगतच्या भिंतीला नवा रंग दिला असेल, तर गळती झाकलेली असू शकते.

किल्ल्या घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडीओ काढावा. वीज मीटरचे रीडिंग, पंखे, गीझर, नळ, खिडक्यांच्या काचा, भिंतींवरचे डाग त्यात यावेत. तो व्हिडीओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवला, की तारखेचा पुरावा तयार होतो. घर सोडताना ‘हे तुम्हीच तोडले’ असा वाद झाला, तर तो कामी येतो.

डिपॉझिट अडकले तर काय करायचे?

पहिली पायरी करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस देण्याची. व्हॉट्सॲपबरोबर नोंदणीकृत टपालानेही ती पाठवावी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी घर रिकामे करून किल्ल्या दिल्याची सही किंवा संदेश घ्यावा. यामुळे दुप्पट भरपाईचा मुद्दा मालकाच्या हातात राहत नाही. वीजबिल आणि सोसायटीची बाकी शून्य असल्याच्या पावत्या सोबत द्याव्यात.

त्यानंतरही पैसे मिळाले नाहीत, तर वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ५० हजारांसाठी न्यायालयात फेऱ्या मारणे नोकरदाराला जड जाते आणि काही मालकांना ते ठाऊक असते. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच समेटासाठी अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते. उलट बाजूने, भाडे थकले म्हणून वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे हा मालकासाठी कायदेशीर मार्ग नाही. त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जायला हवे. कुलूप बदलले गेल्यास पोलिसांत तक्रार देताना नोंदणीकृत करार हाच भाडेकरूचा मुख्य आधार असतो.

या सगळ्या टप्प्यांवर विचारले जाणारे कागद तेच आहेत : दस्त क्रमांक असलेला करार, मालकाच्या खात्यात डिपॉझिट गेल्याची नोंद, पहिल्या दिवसाचा व्हिडीओ आणि किल्ल्या परत दिल्याचा पुरावा. पहिले तीन घरात सामान टाकण्यापूर्वीच हाती असावे लागतात. तेव्हा घर द्यायची घाई मालकालाही असते. त्यामुळे कागदांसाठी आग्रह धरायची वेळही तीच.